दृष्टीच्या मिरच्या

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या त्या जुन्या इमारतीत सुगंधाच्या हातच्या दृष्टीला मोठा मान होता. कुणाचं पोर दूध पीत नाही, बोलवा सुगंधाला. कुणी नवी स्कूटर आणली, बोलवा सुगंधाला. एकदा कुणाची मुलगी परदेशी निघाली होती, टॅक्सी खाली हॉर्न देऊन देऊन दमली आणि वर सुगंधा शांतपणे मुठी फिरवतेच आहे. विमान थांबेल, पण दृष्ट अर्धी सोडायची नाही, असा तिचा बाणा.

पद्धत तिच्या सासूची, देवगडकडची. दोन मुठींत खडेमीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घ्यायच्या, माणसाला पाटावर बसवायचं आणि हातांची फुली करून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायचं. तोंडाने पुटपुटत राहायचं, आल्याची, गेल्याची, वाटेवरच्या वाटसराची, घरातल्याची, दारातल्याची, ज्याची लागली असेल त्याची जळून जाऊ दे. मग सगळं गॅसवरच्या तापलेल्या लोखंडी कढईत टाकायचं. मिरच्यांचा ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच, उगाच काळजी. ठसका नाही उठला तर होती, आणि जळली.

सुगंधाच्या कढईतून ठसका कधीच उठत नसे. त्यामुळे इमारतीत ज्याला त्याला दृष्ट लागलेलीच असायची आणि ती सुगंधाने घालवलेली असायची. दोन्हीकडून समाधान.

ह्या मिरच्यांचा तिने वेगळा डबा केला होता. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या निवडताना जी पांढरी पडलेली निघायची, जिच्यात बी उरलेलं नसायचं, जिला कुबट वास यायचा, ती ह्या डब्यात. आमटीत घालायच्या लायकीची नाही, पण जाळायला काय झालं? जाळायच्याच तर चांगल्या कशाला? संसार केलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

आता मौज अशी, की हीच सुगंधा नवी सून म्हणून आली तेव्हा बारशाला तिला पाळण्याजवळ कुणी बोलवत नसे. लग्नाला वर्षं झाली, कूस उजवली नाही. मग बायका तोंडावर काही बोलत नाहीत, नुसता पाळण्यावर पदर ओढतात. सुगंधा भिंतीला टेकून बसायची, घुगऱ्यांची वाटी घ्यायची आणि घरी यायची. नवरा चंद्रप्रकाश गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गेटवर बॅगा तपासायला लागला होता. तो विचारायचा, "कसा झाला गो बारसा?" ती म्हणायची, "घुगऱ्या खारट होत्या."

मग धाकट्या दिराला, नितेशला, मुलगा झाला. दोन खोल्या, दोन भाऊ, एक स्वयंपाकघर असं ते घर. नितेश कंपनीची बस चालवायचा, त्याची बायको रुचिरा घाटकोपरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर होती. रजा संपली तशी रुचिराने बाळ उचललं, सुगंधाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, आता तुमचाच." बोलायची रीत होती ती. सुगंधाने मात्र ती अक्षरशः घेतली. बाळ बोलायला लागल्यावर तिला मोठीआई म्हणू लागलं. आई सोडून मोठीआई, म्हणजे आईहून मोठी, असा तिने अर्थ लावला आणि तो कुणी खोडलाही नाही. अशा बाईच्या नजरेला मग कोण नावं ठेवणार? नजर लागते म्हणून जिला लांब बसवत, तीच नजर उतरवणारी झाली.

मुलाचं नाव समोरच्या दारातल्या जयंती टीचरने सुचवलं होतं. प्रांजल. म्हणजे मनात असेल ते सरळ सांगणारा. एवढं नाव सार्थ करणारं पोर त्या इमारतीत दुसरं झालं नाही.

प्रांजल बालवाडीत जायच्या वयाचा असेल. टीचरचा नातू मिहिर त्याच्याच जोडीचा, दोघं दुपारचे गॅलरीत खेळायचे. एक दिवस मिहिरचं बोट दारात सापडलं. मुलांची बोटं सापडतातच. पण सुगंधा हात पुसत बाहेर आली तेव्हा तिने पाहिलं, प्रांजलने दार दोन्ही हातांनी लावून धरलं होतं, आणि मिहिरच्या तोंडाकडे तो बघत होता. रागाने नव्हे. आपण गॅससमोर उभं राहून दूध वर येतंय का ते बघतो ना, तसा. सुगंधा दिसल्यावर त्याने दार सोडलं. घाई नाही, रडणं नाही, पळणंही नाही.

तिने मिहिरचं बोट नळाखाली धरलं आणि प्रांजलकडे वळून वळून पाहिलं. पण तिने लगेच स्वतःला समजावलं, हे आपलं लेकरू नव्हेच, कुणाची तरी नजर बोलतेय ह्याच्यातून. दिवेलागणीला तिने त्याला पाटावर बसवलं. उतरवता उतरवता लाडाने विचारलं, "कुणाची लागली रे माझ्या सोन्याला?" असं विचारायची पद्धत नाही. दृष्ट काढणारीने नाव विचारायचं नसतं, सासूने कधी विचारलं नव्हतं. पण लाड आले आणि तोंडून निघून गेलं.

प्रांजलने विचार केला आणि सांगितलं, "मिहिरची."

घरातली सगळी हसली. बोट मिहिरचं चेंगरलं आणि नजरही त्याचीच म्हणे. सुगंधाने मिरच्या कढईत टाकल्या, ठसका नाही.

दोनतीन दिवसांनी मिहिरच्या फिशटँकमधले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. पाण्याला फेस होता आणि कपड्याच्या पावडरचा वास. टीचरने कामवालीला विचारलं, कामवालीने देवाची शपथ घेतली. सुगंधा दारातून बघून आली आणि स्वयंपाकघरात एकटीच बसली. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. ज्याची लागली त्याच्यावर उलटली. आपल्या हातात काही आहे तर.

त्यानंतर प्रांजलला पाटाची गोडी लागली. बरं नसलं, शाळेत ओरडा बसला, काही बिनसलं, की तो स्वतः पाट मांडायचा, पाय जुळवून बसायचा आणि वाट बघायचा. "विचार ना." ती विचारायची. एकदा त्याने वर्गातल्या एका मुलीचं नाव सांगितलं, त्या आठवड्यात त्या मुलीची वेणी कुणीतरी मागून कापली. एकदा इस्त्रीवाल्याचं, आणि इस्त्रीवाल्याच्या गठ्ठ्यातल्या साड्यांना ब्लेडचे काप निघाले. सुगंधा बायकांना सांगायची, "माझी उलटते गं, फार लवकर उलटते." बायका आणखी मानायला लागल्या.

एक जयंती टीचर तेवढी मानत नव्हती. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. एक दिवस चहाला म्हणून आली आणि कप हातातच धरून बसली.

"सुगंधाताई, वाईट वाटून घेऊ नका. मुलं खूप बघितली मी. मस्तीखोर मुलगा मारतो आणि पळतो. हा मारतो आणि थांबतो."

"म्हणजे?"

"बघत थांबतो. ह्याला कुणाला तरी दाखवा. मोठ्या हॉस्पिटलात मुलांचे असे डॉक्टर असतात. नुसतं बोलतात, खेळतात मुलांशी."

"वेड्यांचे डॉक्टर."

"मुलांचे म्हटलं मी."

"टीचर, पोर आहे ते. तुमच्या मिहिरचं बोट काही तुटून पडलं नाही."

"नाही पडलं. म्हणून तर आत्ता सांगतेय. लहान आहे तोवर वळेल."

सुगंधाने कप उचलले. टीचरचा अजून अर्धा होता. इतक्या वर्षांनी पदरात एक मूल पडलं, आणि तेही नासकं निघालं असं स्वतःच्या पायांनी जाऊन सांगायचं? मग पुन्हा भिंतीला टेकून बसायचं? ते तिच्याने होणार नव्हतं. तिला प्रांजल हवा होता, जसा होता तसा, आणि तो चांगला आहे हे दुसऱ्या कुणी म्हटलेलंही हवं होतं.

प्रांजल आतल्या खोलीत गृहपाठ करत होता. संध्याकाळी त्याने पाट मांडला. तिने विचारलं. तो म्हणाला, "जयंती टीचरची."

तो आठवडा संपायच्या आत टीचर सकाळी दूध आणायला निघाली आणि जिन्यावरून गेली. पायरीवर खोबरेल होतं. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून तिला तिच्या मुलीने परस्पर बोरीवलीला नेलं, मिहिरलाही नेलं, आणि समोरच्या दाराला कुलूप लागलं ते लागलंच.

त्या दिवशी चंद्रप्रकाशने न्हाणीतली तेलाची बाटली आणून सुगंधापुढे ठेवली. तो फार बोलणारा माणूस नव्हता, आणि बोलला तर गावचं बोलायचा.

"ही काल भरलेली होती."

"मी लावलं असेल."

"कोणाक? हत्तीक?"

तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"सुगंधा, ह्याच्यापुढे त्येका नाव इचारू नको. तू इचारतंस, तो सांगता, आणि मगे तसाच घडता. मी गेटार जन्म काढलंय. बॅगेत काय आसा ता माका तोंडार दिसता."

"स्वतःचं नाही झालं म्हणून दुसऱ्याच्या पोरावर संशय घेता."

हे तिने बोलायला नको होतं. त्याने बाटली उचलली आणि न्हाणीत परत ठेवून आला. ती मात्र झोपलेल्या प्रांजलच्या डोक्याशी गेली, त्याचे केस हुंगले, तळवे हुंगले. खोबरेलाचा वास होता. पण रविवारी तिनेच त्याला न्हाऊ घातलं होतं, तेल तिनेच चोपडलं होतं. वास कुठल्या तेलाचा, ते तेलाला विचारायचं?

तिने विचारणं बंद केलं. दृष्ट काढायची, पण ओठ मिटून. प्रांजल दहा वर्षांचा असेल तेव्हा. पाटावर बसून म्हणाला, "विचार ना, मोठीआई."

"नको."

"बरं. मग मी मनात सांगतो."

आणि त्याने डोळे मिटून मनात सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा सुगंधाच्या मुठीतली मोहरी कढईबाहेर सांडली.

पुढची वर्षं कशी गेली ते सगळ्या इमारतीने पाहिलं. शाळेतून चिठ्ठ्या यायला लागल्या, मग बोलावणी, मग एकदम दाखला. मोबाइल हरवले की लोक आधी सुगंधाच्या दाराकडे बघायचे. हायवेच्या पलीकडे खाडीच्या बाजूला मोठ्या मुलांचा अड्डा होता, तिथे हा लहान वयात जाऊन बसायचा, आणि ऐकलं असं की ती मोठी मुलंच ह्याला दबकून असायची. नितेशने एकदा पट्टा काढला. दोनचार लगावले. प्रांजल हलला नाही, रडला नाही, बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. नितेशचा हात वरच्या वर थांबला. त्याने पट्टा कमरेला परत लावला आणि दुसऱ्या दिवसापासून जास्तीच्या पाळ्या मागून घेतल्या. घरात राहायलाच नको.

रुचिरा म्हणाली, "वहिनी, तुम्ही लाडावून ठेवलात."

"तू टाकून गेलीस म्हणून लाडावलं."

"मी कामाला जात होते, मजा मारायला नव्हते जात."

दोघी जावा बराच वेळ भांडल्या आणि मग दोघीच रडल्या. ज्याच्यावरून भांडल्या तो आत शांतपणे वरणभात जेवत होता. म्हणाला, "मोठीआई, लोणचं दे ना."

सोसायटीचा सेक्रेटरी विद्याधर तोंडाचा फाटका माणूस, पण मनाने वाईट नव्हता. पाण्याच्या पंपामागे प्रांजलला सिगरेट ओढताना त्याने पकडलं आणि चारचौघांत झापलं. "बापाला तोंड दाखवायला लाज वाटते तुझ्यामुळे, माहितीय? उद्या परत दिसलास ना इथे, तर पोलिसांत देईन." तेव्हा प्रांजल पंधराचा होता. सिगरेट त्याने चपलेखाली विझवली. घरी आला आणि पाट मांडला.

"मोठीआई, काढ."

तिने ओठ घट्ट मिटून उतरवली. शेवटची फेरी पायाशी आली तेव्हा त्याने स्वतःच सांगून टाकलं. "विद्याधर काकांची."

सुगंधा बराच वेळ विचार करत बसली. जाऊन सांगावं का? काय सांगावं? अहो, तुमचं नाव निघालंय, जपून राहा? लोक हसतील. आणि हसले नाहीत तर आणखी वाईट. ती उठली, भांडी घासली आणि झोपली.

सकाळी दार उघडलं तर जळक्या रबराचा वास घरात आला. खाली सोसायटीच्या मोटरसायकली ओळीने उभ्या असायच्या, तिथे काळे सांगाडे उभे होते. विद्याधरची पहिली. तिच्या शेजारी खाट टाकून वॉचमन रतन झोपायचा. तो जागा झाला, गाड्या ओढून बाहेर काढायला गेला आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

समोरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा होता. त्यात सगळं आलं होतं. प्रांजल बाटलीतून ओततो, काडी ओढतो आणि मग, पोलिसाने नितेशला दाखवताना बोट ठेवलं, "हे बघा, पळत नाही. उभा आहे. बघतोय."

त्या दिवसांत घरात एक कागद आला, त्यावर प्रांजलबद्दल लिहिलं होतं, विधिसंघर्षग्रस्त बालक. सुगंधा चौथी शिकलेली. एक एक अक्षर लावत तिने वाचलं आणि कागद चटकन उलटा ठेवला. विधी? म्हणजे पाट, मीठ, मोहरी, हे सगळं ह्यांना कुणी सांगितलं? दिवसभर तिने पाटाला हात लावला नाही, शेवटी कागद रुचिरापुढे धरला. संध्याकाळी रुचिराने समजावलं की विधी म्हणजे कायदा हो वहिनी, अठराच्या आतल्या पोराला गुन्हेगार म्हणत नाहीत म्हणून असं लिहितात. "असं होय," सुगंधा म्हणाली. पण तिला आपलं पहिलं वाचणंच जास्त बरोबर वाटत राहिलं.

मुलांचं कोर्ट असतं, त्यांनी त्याला मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलं. घरी नातेवाइकांना सांगायचं, ट्रेनिंगला गेलाय. काही आठवड्यांनी एक तरुण मुलगी घरी चौकशीला आली, श्रुतिका नावाची. चांगली होती, चहा पूर्ण प्यायली. तिने लिहून द्यायचं होतं, घर कसं आहे, मुलाला घरी सोडावं की नाही.

"आजी, तुम्हीच वाढवलंत ना त्याला? लहानपणी कसा होता?"

सुगंधाच्या जिभेवर सगळं आलं. दार, मासे, खोबरेल. चंद्रप्रकाश खाटेवरून तिच्याकडे बघत होता.

"द्वाड होता," ती म्हणाली. "सगळीच असतात."

श्रुतिकाने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आपला नंबर असलेलं कार्ड ठेवलं. "काही आठवलं तर कधीही फोन करा." सुगंधाने ते कमरेच्या बटव्यात घातलं.

घर एवढं रिकामं तिने कधी पाहिलं नव्हतं. रतन वॉचमनच्या जिन्याखालच्या खोलीत ती रोज भाकरी पोचवायची. त्याच्या हातांना अजून पट्ट्या होत्या, त्याच्या बायकोने स्वयंपाकाची कामं धरली होती, आणि चार वर्षांची अबोली दिवसभर इकडेतिकडे भटकायची. रतनची बायको सुगंधाशी बोलत नसे, पण पोरगी आपणहून भाकरीच्या मागे मागे वर येऊ लागली. एकदा रतनच म्हणाला, "राहू द्या तिला वर. पोराने केलं त्यात तुमचा काय दोष." हे ऐकून सुगंधाला खाली बघावं लागलं.

अबोली बडबडी होती, नाव ठेवणाऱ्याने काही बघून ठेवलं नव्हतं. तिला कुणी शिकवलं नाही, पण सुगंधाला ती मोठीआई म्हणू लागली. भेटीच्या दिवशी सुगंधाने कौतुकाने प्रांजलला हे सांगितलं. तो लाडू खात होता.

"ती तुला काय म्हणते?"

"मोठीआई."

त्याने उरलेला लाडू डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

मग तो घरी आला. नितेश दुपारी घेऊन आला. उंची वाढली होती, केस बारीक कापले होते, बोलणं अगदी मऊ. रुचिराने भाकरतुकडा उतरवून टाकला, डोळे पुसले आणि म्हणाली, "वहिनी, दृष्ट काढा ना."

सुगंधाने डब्याकडे हात नेला तर तो रिकामा, पावसात मिरच्यांना कीड लागली तेव्हाच तिने तो धुऊन उपडा घातला होता. रुचिरा नव्या मसाल्याच्या मिरच्यांची पिशवी घेऊन आली, लालभडक लवंगी. "आज तरी चांगल्या घ्या. पोर घरी आलंय."

प्रांजलने पाट मांडला, पाय जुळवून बसला. अबोली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पोहे खात होती, मधेमधे गाणं म्हणत होती. आल्यापासून त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. घरात नवं पोर गातंय आणि कुणी मान वळवून बघत नाही, असं होत नाही. सुगंधाला तेच खटकत होतं.

तिने उतरवायला सुरुवात केली. ओठ मिटलेले.

"विचारलं नाहीस."

"नाही विचारायचं."

"सांगू?"

"गप रव रे," चंद्रप्रकाश खाटेवरून म्हणाला.

"अबोलीची," प्रांजल म्हणाला. आज भाजी कुठली, असं कुणी विचारल्यावर सांगावं तसं.

रुचिरा हसली. "काहीतरीच तुझं. इवलीशी आहे ती." सुगंधाने मुठी कढईत उघडल्या.

असा ठसका त्या घरात कधी उठला नव्हता. नितेश खोकत गॅलरीत पळाला. चंद्रप्रकाश उठून बसला. रुचिराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खोकता खोकता म्हणत होती, "ठसका आला हो वहिनी. नव्हतीच दृष्ट. कुणाचीच नव्हती." तिला आनंद झाला होता.

सुगंधा पदर नाकाला लावून कढईसमोर उभी राहिली. एवढी वर्षं ठसका का आला नाही, ते तिला आत्ता कळत होतं. मेलेल्या मिरच्या. काडीचा तिखटपणा नसलेल्या, आपल्याच हाताने वेचून वेगळ्या केलेल्या. त्या कुणावरूनही उतरवल्या असत्या तरी असाच गप्प धूर निघाला असता. म्हणजे मिहिरची नव्हती, टीचरची नव्हती, विद्याधरची नव्हती. आणि खूप मागे, पाळण्यांवर पदर ओढले जायचे तेव्हा, तिचीही नव्हती.

अबोली खोकत होती. पोहे सांडले होते, तोंड लाल झालं होतं, श्वास घेता येत नव्हता. प्रांजलच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, पण तो ते पुसत नव्हता. आता तो तिच्याकडे बघत होता. दूध वर येतंय का, ते बघतो तसा.

सुगंधाने गॅस बंद केला आणि पोरीला कडेवर घेतलं.

"मोठीआई, कुठे चाललीस?"

"हिला सोडून येते."

"लवकर ये."

जिन्याखाली रतन दाराशी बसला होता. "हिला आजपासून वर पाठवू नका," ती म्हणाली. "दोन दिवस मामाकडे नाहीतर गावाला नेता आली तर न्या."

"काय झालं?"

"त्याने हिचं नाव घेतलंय."

रतनला कळलं नाही. पण त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि पोरीला घेतलं. त्याच्याच फोनवरून सुगंधाने कार्डावरचा नंबर लावायला सांगितला.

"मॅडम, विक्रोळीहून बोलतेय, प्रांजलची मोठीआई. तुम्ही विचारलं होतंत, लहानपणी कसा होता. तुम्ही याल का? आज याल का? त्याने आज एक नाव सांगितलंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, मस्करी नाही मॅडम. तो खोटं कधी बोलत नाही. आत्तापर्यंत एकदाही बोलला नाही."

ती वर आली तेव्हा रुचिरा आत खिडक्या उघडत होती. प्रांजल पाटावरच होता. उरलेल्या मिरच्यांची पिशवी त्याच्या मांडीवर होती आणि तो एकेक मिरची घेऊन तिचं देठ मोडत होता.

"परत काढ. नाव बदलायचंय."

"दृष्ट नाहीच लागली तुला. ठसका आला, बघितलास ना."

"मला माहीत होतं." तो हसला, लहानपणी हसायचा तसाच गोड. "तुझ्या डब्यातल्या मी खाऊन बघितल्या होत्या. लहान असताना. तिखट नव्हत्याच."

सुगंधाने पाटाकडे बघितलं, मग जिन्याकडे. श्रुतिका मॅडमना यायला वेळ लागणार होता. ती दारात गेली आणि उंबऱ्यावर बसली, पाठ चौकटीला, पाय चौकटीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत पसरून. तिच्या अंगावरून गेल्याशिवाय कुणाला खाली जाता येणार नव्हतं.

"कुणाला फोन केलास? खालून तुझा आवाज येत होता."

तिने पाय चौकटीला आणखी घट्ट रेटले.

"बरं," प्रांजल म्हणाला. त्याने पुढची मिरची उचलली. "मग तुझी, मोठीआई. तुझी लागली."

"माझी तर माझी," सुगंधा म्हणाली, आणि बसल्या जागेवरून हलली नाही.